निवासमंडपाचे अध्याय ज्यू भाष्यांसह वाचताना

देवाच्या निवासासाठी इस्राएल लोकांनी अरण्यात उभारलेला तंबू म्हणजे निवासमंडप. बायबलमधील निर्गम या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. त्याचा २५ वा अध्याय मी पहिल्यांदा उघडला तेव्हा आलेखाचा कागद घेऊन बसलो होतो. कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवण्याची पेटी, अडीच हात लांब, दीड हात रुंद आणि दीड हात उंच. मंडपाच्या फळ्या ४८. अंगण १०० हात लांब आणि ५० हात रुंद. चार दिवसांत नकाशा तयार झाला आणि अभ्यास तिथेच थांबला, कारण सगळी मापे कळूनही ज्यू भाष्यकार एवढी पाने नेमकी कशासाठी लिहितात, याचा मला पत्ता लागला नव्हता.

नवख्याने सुरुवात राशीपासून करावी. रब्बी शलोमो यित्सहाकी (१०४०–११०५) या फ्रान्समधील भाष्यकाराचे हे आद्याक्षरी नाव असून ज्योतिषातील राशींशी त्याचा काही संबंध नाही. त्याची टीप वाचण्यापूर्वी ‘राशीला इथे काय अडले?’ हा प्रश्न स्वतःला विचारायचा, अशी शिकवण्याची जुनी पद्धत आहे आणि माझा अभ्यास तिच्यामुळेच पुढे सरकला. बाभळीचे उदाहरण घ्या. मराठी भाषांतरात या फळ्या बाभळीच्या आहेत, आणि वेडीवाकडी, काटेरी बाभूळ पाहिलेल्या माणसाला दहा हात उंचीची सरळ फळी त्यातून कशी निघाली, असे वाटल्याशिवाय राहत नाही. भाष्यकारांना मात्र वेगळेच अडते: अरण्यात लाकूड आले कुठून? राशी मिद्राशाच्या, म्हणजे रब्बींच्या जुन्या कथारूप भाष्याच्या, आधारे सांगतो की इस्राएलांचा पूर्वज याकोब याने पुढचे ओळखून मिसरात झाडे लावली होती आणि ती तोडून सोबत नेण्यास मुलांना बजावले होते; मध्ययुगीन भाष्यकार इब्न एज्रा सीनाय पर्वताजवळच्या रानाकडे बोट दाखवतो. एकाला पिढ्यान्‌पिढ्यांची तयारी दिसते, तर दुसऱ्याला जवळचे रान पुरते.

सर्वांत जास्त वेळ मात्र क्रमाला द्यावा. २५ व्या अध्यायात आधी कोश, मेज आणि दीपवृक्ष येतात, मंडप २६ व्यात येतो. प्रत्यक्ष काम करताना मुख्य कारागीर बसालेल आधी मंडप उभारतो आणि मग वस्तू घडवतो. रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमूदमध्ये (बराखोत ५५अ) यावर छोटा संवाद आहे. इस्राएलांचा पुढारी मोशे याने वस्तू आधी सांगताच बसालेल म्हणतो की जगाची रीत आधी घर बांधून मग त्यात सामान ठेवण्याची आहे. मी आधी वस्तू केल्या तर त्या ठेवू कुठे? मोशे थक्क होऊन विचारतो, तू देवाच्या सावलीत होतास की काय? ‘बेत्सेल एल’ म्हणजे देवाच्या सावलीत, हीच बसालेलच्या नावाची फोड. नियमाप्रमाणे बांधणाऱ्यालाही डोके वापरावे लागते, हे इतक्या मोजक्या शब्दांत मी इतरत्र वाचलेले नाही.

मोठा वाद कालक्रमाचा आहे. राशीच्या मते लोकांनी सोन्याचे वासरू करून पूजले ते पाप आधी घडले आणि निवासमंडपाची आज्ञा नंतर आली, ग्रंथातला क्रम काहीही असो. १३ व्या शतकातला भाष्यकार रांबान (नाहमानिदेस) लिहिलेला क्रम कायम ठेवतो: सीनायवर उतरलेले देवाचे तेज लोकांसोबत चालत राहावे, म्हणूनच हा मंडप. पहिल्या वाचनात मंडप पापावरचा उपाय ठरतो, दुसऱ्यात सीनायचाच पुढचा भाग. मला रांबान जास्त पटतो. इथे सावध राहावे: यज्ञांना जुन्या सवयींशी केलेली तडजोड मानणारा तत्त्वज्ञ रांबाम (मैमोनिदेस) हा निराळा. एका अक्षराच्या फरकामुळे माझ्या वहीतली तीन पाने चुकीच्या नावाखाली गेली होती.

हिब्रू येत नसले तरी निदान शब्द ऐकावेत. पुण्याच्या लष्कर भागातील ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिनेगॉगचे नाव ओहेल डेव्हिड आहे. त्यातला ‘ओहेल’ म्हणजे तंबू आणि दर्शनमंडप, म्हणजे निवासमंडपाचेच दुसरे नाव, ‘ओहेल मोएद’. शब्बाथाला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, वर्ज्य असलेली ३९ कामेही मंडपाच्या कामावरूनच ठरवली गेली, पण तो विषय सुरुवातीला उघडू नये. त्यात वर्ष जाते.

आलेखाचा कागद मी अजून वापरतो, मात्र आता त्यावर दोन रकाने असतात: सूचनेचा आणि कामाचा. सध्या धूपवेदीपाशी अडलो आहे. सूचनेत ती याजकांची वस्त्रे आणि दीक्षाविधी उरकल्यावर ३० व्या अध्यायात येते, कामात मात्र दीपवृक्षापाठोपाठ. इटलीतला भाष्यकार स्फोर्नो म्हणतो की ही वेदी देवाला बोलावण्यासाठी नसून तो आल्यावर त्याच्या सन्मानासाठी आहे. पहिल्या रकान्याचे उत्तर त्यातून मिळते. दुसरा अजून कोराच आहे.