निवारागृहात योग शिकवायला जाताय? वर्ग फार शहाण्यासारखा वागत असेल तर सावध व्हा

घरगुती हिंसाचारातून सुटून आलेल्या बायकांच्या निवारागृहात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात वर्ग घ्यायला निघालेल्यांना आसनं येतात, गरोदरपणात आणि रक्तदाबात काय टाळायचं हे ठाऊक आहे, असं धरून चालते. त्यामुळे त्यात शिरत नाही. इथे घोटाळा होतो तो आसनं न आल्यामुळे नाही. वर्ग झकास चाललाय असं वाटत असतं, नेमका तेव्हाच होतो.

दहा-बारा बायका बसलेल्या असतात. तुम्ही हात वर म्हणता, सगळ्यांचे हात वर. डोळे मिटा म्हटलं, मिटले. कुरकुर नाही, प्रश्न नाहीत, शेवटी सगळ्या 'बरं वाटलं' म्हणतात. नवीन शिक्षिका खूश होऊन घरी जाते. पण घरात मार खाल्लेल्या बाईने एक गोष्ट पक्की शिकलेली असते, की समोरचा सांगेल ते मुकाट केलं की त्रास कमी होतो. गुडघा दुखत असला तरी ती वीरभद्रासनात उभी राहील. तुम्ही पाठीला हात लावलात तरी हूं की चूं करणार नाही, वर हसेलही. व्यसनमुक्ती केंद्रात त्यात हजेरीची भर. वर्गाला बसली नाही तर तशी नोंद होते, आणि त्या नोंदीवर तिच्या बऱ्याच गोष्टी अडकलेल्या असतात. असा वर्ग शांत असणारच. त्या शांततेवर जाऊ नका.

तिसऱ्या-चौथ्या वर्गात एखादी 'मी हे नाही करत' म्हणून खुशाल बसून राहिली, तर गाडी रुळावर आहे असं समजा. महिनाभरात एकीनेही काहीच नाकारलं नाही तर तुमची बोलण्याची पद्धत तपासा.

ती कशी बदलायची? प्रत्येक हालचालीला दोन पर्याय द्या. दोनच. सहा पर्याय दिले की भेदरलेलं माणूस थिजतं, मग शेजारणीकडे बघून तेच करतं. 'हात खांद्यापर्यंत नेता येतील, किंवा मांडीवरच राहू द्या, दोन्ही चालेल,' एवढं पुरे. 'जमत नसेल तर खाली ठेवा' असं म्हणू नका, त्यात खाली ठेवणारी नापास होते. 'छान', 'शाब्बास' हेसुद्धा बंद करा. शाबासकी आली की परीक्षा आलीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निम्म्या वेळा सोपा पर्याय तुम्ही स्वतः करून दाखवा. तोंडाने कितीही मोकळीक दिलीत तरी बायका तुमचं शरीर बघून करतात. तुम्ही कायम हात वर ठेवून 'खाली ठेवले तरी चालतील' म्हणत राहिलात, तर कुणीही खाली ठेवणार नाही. पर्याय दिल्यावर दोन-तीन श्वास थांबा आणि कुणी काय निवडलं हे निरखत बसू नका.

स्पर्श अजिबात नाही. 'हात लावू का?' हेही विचारू नका, कारण ज्या बाईला नाही म्हणायची सवयच राहिलेली नाही तिला तो प्रश्न नसतोच. स्पर्श नको असेल तर मॅटजवळ चिठ्ठी ठेवायची, ही पद्धत काही ठिकाणी चालते. मला ती निवारागृहात पटत नाही. चारचौघींत चिठ्ठी ठेवायलाही धीर लागतो. दुरुस्ती करायची तर सगळ्यांना मिळून तोंडी सांगा आणि स्वतःच्या मॅटवरून हलू नका. पाठीमागून फिरणारी पावलं ऐकू आली की कितीतरी जणींचा श्वास तिथेच अडकतो.

हजेरीचा प्रश्न वर्ग सुरू होण्याआधी मिटवायचा. खोलीत नुसतं बसलं तरी हजेरी धरायची, हे अधीक्षिकेकडून कबूल करून घ्या आणि ते बायकांसमोर तिलाच सांगायला लावा. तुम्ही सांगून उपयोग नाही. 'अमुक कशी करते?' असं केंद्राने विचारलं तर आली होती की नव्हती, एवढंच उत्तर. जिवाचं बरंवाईट करून घ्यायची भाषा कानावर आली तर मात्र लगेच सांगायचं, आणि तसं सांगणार हे बायकांना पहिल्याच दिवशी माहीत असायला हवं.

खोलीचं थोडक्यात सांगते. दिवे चालू. दार आतून उघडणारं आणि प्रत्येकीला दिसणारं. ओळी नकोत, अर्धवर्तुळ, पाठ भिंतीकडे. उदबत्ती, अत्तर, संगीत काही नको. कुठला वास कुणाला कुठे नेईल सांगता येत नाही. आसनांसाठी वापरतात ते पट्टे नेऊ नका. बांधून ठेवल्याची आठवण हा एक भाग, आणि जिवाला धोका हा दुसरा. पाठीच्या, बिनहाताच्या खुर्च्या आणि प्रत्येकी दोन घडीची ब्लँकेट पुरतात. एखादी सगळा वेळ पर्स मांडीवर धरून बसेल. त्या पर्समध्ये तिची कागदपत्रं, गोळ्या, असतील नसतील ते पैसे असतात. 'बाजूला ठेवा ना ताई' म्हणू नका. पर्स मांडीवर ठेवून खांदे फिरतात, घोटे फिरतात, मणकाही वळतो.

आता मानेचं, कारण प्रशिक्षणात हे सहसा कुणी सांगत नाही. घरगुती हिंसाचारात गळा दाबण्याचे प्रकार पुष्कळ असतात आणि बाहेरून खूण दिसेलच असं नाही. मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर गेलेली असू शकते आणि तिची लक्षणं काही तासांनी, कधी काही दिवसांनी दिसतात. म्हणून हलासन, सर्वांगासन, मान गोल फिरवणं आणि हनुवटी छातीला लावून धरायचा जालंधर बंध या वर्गात नाहीतच, कुणालाच नाहीत. म्हणजे कुणाला वेगळं काढून विचारायची वेळ येत नाही. गळा आवळून घ्यायचा उज्जायी श्वासही नको. आवाज बसलाय, गिळताना दुखतंय, मान आणि डोकं नव्यानेच ठणकतंय, एक पापणी उतरलीय किंवा एका बाजूला बधिरपणा आहे, यातलं काहीही दिसलं तर वर्ग बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायला केंद्राला सांगा. डोक्याला मार बसलेल्यांना डोकं खाली नेणारी आसनं आणि कपालभाती त्रास देतात, म्हणून तीही यादीतून काढा.

व्यसनमुक्ती केंद्रात दारू थांबून किती दिवस झाले, हे कर्मचाऱ्यांना विचारा. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, आणि भ्रम, थरथर, ताप हा जिवावरचा प्रकार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी होतो. त्या दिवसांत योग नाही, वैद्यकीय देखरेख. 'घामावाटे विष निघून जातं' म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. लिथियम हे मनःस्थितीच्या आजारावरचं औषध घेणारीला घाम गाळून पाणी कमी पडलं तर औषधाची रक्तातली पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते. मानसिक आजारावरच्या बऱ्याच औषधांनी उठताना रक्तदाब उतरतो, म्हणून उत्तानासनातून, म्हणजे उभ्याने पुढे वाकल्यावर, झटकन उभं करू नका. हात मांडीवर टेकवून हळूहळू, मग एक श्वास थांबायचं. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांनी तोल जातो, तेव्हा वृक्षासन खुर्चीची पाठ धरूनच.

श्वासाबद्दल बहुतेकजणींना वाटतं की तो तरी निर्धोक असणार. तो नसतो. भस्त्रिकेने, म्हणजे भात्यासारख्या जोरजोरात घेतलेल्या श्वासांनी, किंवा ओढूनताणून घेतलेल्या खोल श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती धडधडते. धास्तीचा झटका आलेल्या बाईला नेमकं हेच होतं. तिला वाटतं, आला पुन्हा. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको. फार तर चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, तेही पाच-सहा वेळा आणि डोळे उघडे ठेवून. छातीकडे लक्ष नेणं नको वाटणारीला तळपायाखाली जमीन कशी लागते, तेवढंच बघू द्या.

मलासन, सेतुबंध, आनंद बालासन, मार्जारासन यांत उकिडवं बसणं, कंबर उचलणं, पाय फाकवणं, ओणवं होणं येतं, आणि त्यात बाईला उघडं पडल्यासारखं वाटतं. पहिले कित्येक आठवडे ती नकोत. ४५ मिनिटांत पाच मिनिटं बसणं, तीस मिनिटं खुर्चीवरची आणि उभ्याने हालचाल, दहा मिनिटं विश्रांती. क्रम दर वेळी तोच ठेवा. तुम्हाला कंटाळा येईल, येऊ दे. पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असणं हीच त्यांची गरज आहे. शिवाय बायका बदलत राहतात, त्यामुळे 'मागच्या वेळी शिकलो ते' हा प्रकार इथे नाही, प्रत्येक वर्ग स्वतंत्र.

विश्रांतीला शवासन हवंच असं नाही. भिंतीला टेकून, कुशीवर किंवा खुर्चीवर, अंगावर ब्लँकेट, डोळे उघडे. 'मी इथेच बसलेय, चार मिनिटांनी बोलेन' असं सांगा आणि चारच मिनिटांनी बोला.

एखादी थिजली, नजर एका जागी, हाकेला ओ नाही, तर धावत जवळ जाऊ नका. जागेवरूनच, नेहमीच्या आवाजात आज कोणता वार, आपण कुठे आहोत ते सांगा. खोलीतल्या तीन निळ्या वस्तू शोधायचं काम सगळ्यांनाच द्या, म्हणजे ती एकटी उघडी पडत नाही. काय आठवलं ते विचारू नका. ते समुपदेशकाचं काम आहे. वर्ग संपल्यावर तिला कर्मचारी भेटतील एवढं बघा.

याने फायदा होतो का? होतो, पण बेताने. २०१४ साली मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचारांना दाद न देणारा जुना आघातोत्तर त्रास (पीटीएसडी) असलेल्या ६४ स्त्रिया, आठवड्याला एक तास, दहा आठवडे. शेवटपर्यंत नोंद झालेल्यांत योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी त्या निदानातून बाहेर पडल्या, तुलनेच्या गटातल्या २९ पैकी ६. म्हणजे योगगटातल्याही १५ जणींचं निदान कायम राहिलं. 'योगाने सगळं बरं होतं' असं निवारागृहात जाऊन बोलायचं नाही, ते यासाठी.

स्वतःसाठी मार्गदर्शक निवडताना नावाजलेल्या योगगुरूपेक्षा तिथेच वर्षानुवर्षं काम केलेली समाजसेविका बघा. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायला ठीक आहे. महिन्यातून एकदा कुणाजवळ तरी मन मोकळं करायची सोय करा, नाहीतर वर्षभरात झोप उडते. ती उडाली म्हणजे तुम्ही या कामाला नालायक, असं अजिबात नाही.

निवारागृहाचा पत्ता गुप्त असतो. फोनचं लोकेशन बंद, फोटो नाही, दाराचाही नाही. रस्त्यात कुणी दिसली तर तिने ओळख दाखवल्याशिवाय तुम्ही दाखवू नका. स्वतःचा नंबर देऊ नका, उसने पैसेही नाहीत. काम बेमुदत घेण्यापेक्षा दहा आठवड्यांचं ठरवून घ्या, मग पुन्हा ठरवा. सोडायचं झालं तर तीन आठवडे आधी वर्गातच सांगा, आणि नवीन शिक्षिकेला शेवटचे दोन वर्ग बायकांबरोबर खुर्चीवर बसू द्या, शिकवायला नाही.