मंदीतील नोकरभरती : बाजार कसा ओळखावा आणि अर्ज कसा करावा

मंदीची चाहूल लागली की सगळ्यांचे लक्ष नोकरकपातीच्या बातम्यांकडे जाते. कोणत्या कंपनीने किती माणसे कमी केली याचे आकडे रोज कानावर येतात आणि ज्यांची नोकरी शाबूत आहे त्यांच्याही पोटात गोळा येतो. ही भीती अनाठायी नाही, पण नोकरभरतीच्या कामात अनेक वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, मंदीतील बेरोजगारी लांबते ती कपातीमुळे कमी आणि थांबलेल्या भरतीमुळे जास्त. कपातीची लाट बहुधा सुरुवातीच्या काही महिन्यांत येऊन ओसरते. कंपन्यांनी भरतीत आखडता घेतलेला हात मात्र पुढे वर्ष-दोन वर्षे सैल होत नाही. म्हणून ‘माझी नोकरी जाईल का?’ या प्रश्नाइतकाच ‘गेली तर दुसरी मिळायला किती काळ लागेल आणि तो काळ मी कसा कमी करू शकतो?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पुढील सूचना प्रामुख्याने या दुसऱ्या प्रश्नासाठी आहेत.

घोषणेची वाट पाहू नका

मंदी अधिकृतपणे जाहीर होते तेव्हा ती बरीच जुनी झालेली असते. अमेरिकेत मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या समितीने 1 डिसेंबर 2008 रोजी जाहीर केले की, मंदी डिसेंबर 2007 मध्येच सुरू झाली होती. म्हणजे निदान व्हायला पूर्ण वर्ष गेले. तीच मंदी जून 2009 मध्ये संपली, पण बेरोजगारीचा दर त्यानंतरही वाढत राहिला आणि ऑक्टोबर 2009 मध्ये 10 टक्क्यांवर पोहोचला. रोजगाराची एकूण संख्या मंदीपूर्व पातळीवर यायला तर 2014 उजाडले. अर्थव्यवस्था सावरल्याची बातमी आणि नोकऱ्या परतल्याची बातमी यांत एवढे अंतर पडू शकते, हे आधीपासून गृहीत धरून घरखर्चाची आणि शोधाची आखणी करावी.

खरी चिन्हे कामाच्या जागीच दिसतात, आणि ती बहुतेकदा एका ठरावीक क्रमाने येतात. आधी ओव्हरटाइम बंद होतो. मग कंत्राटी आणि हंगामी कामगारांची मुदत वाढवली जात नाही. त्यानंतर राजीनामा देऊन गेलेल्या माणसाच्या जागी नवा माणूस घेतला जात नाही, त्याचे काम उरलेल्या दोघांत वाटून दिले जाते. कायम कर्मचाऱ्यांची कपात सहसा यानंतर येते, कारण कामात तयार झालेला माणूस काढणे आणि पुढे नव्याने शोधून शिकवणे हे कंपनीला महाग पडते. आपल्या विभागात यांपैकी पहिल्या दोन गोष्टी घडल्या असतील, तर बायोडेटा अद्ययावत करण्याची वेळ आली असे समजावे. तिसरी घडली असेल तर प्रत्यक्ष अर्ज सुरू करावेत.

आणखी एक चिन्ह आहे, ज्याकडे फार कमी लोक पाहतात : माणसे स्वतःहून नोकरी सोडण्याचे थांबवतात. अमेरिकेत मंदीपूर्वी दर महिन्याला सुमारे 2 टक्के कर्मचारी राजीनामा देत असत. 2009 मध्ये हे प्रमाण 1.3 टक्क्यांच्या आसपास उतरले. याचा परिणाम दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. एरवी एक माणूस चांगल्या नोकरीसाठी जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, दुसऱ्याची जागा तिसरा घेतो, आणि या साखळीच्या शेवटी एखाद्या बेरोजगाराला किंवा नवपदवीधराला दार उघडते. वरचा माणूस हललाच नाही तर साखळी पहिल्या कडीपाशीच अडते, आणि एकही माणूस न काढता बाजार बंद पडतो.

जाहिरात आहे म्हणजे जागा आहे, असे नाही

या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक गोष्ट मला आजही टोचते. उत्पादन विभागातील एका पदासाठी मी एका उमेदवाराच्या मुलाखतीच्या तीनही फेऱ्या पूर्ण केल्या होत्या, पगारही ठरला होता, फक्त नियुक्तिपत्रावर शेवटची सही व्हायची होती. त्याच सुमारास वरून भरती थांबवण्याचा तोंडी आदेश आला. तो उमेदवार दर सोमवारी सकाळी फोन करी आणि मला दिलेल्या सूचनेप्रमाणे मी दर वेळी एकच वाक्य सांगे : ‘प्रक्रिया सुरू आहे.’ सात आठवड्यांनी मी त्याला खरे सांगितले, तोपर्यंत त्याने हातातला दुसरा प्रस्ताव नाकारलेला होता.

त्या अनुभवावरून मी प्रत्येक उमेदवाराला सांगतो की, पहिल्या मुलाखतीच्या शेवटीच चार गोष्टी नम्रपणे विचाराव्यात. हे पद नवे आहे की कोणी गेल्यामुळे रिकामे झाले आहे? या पदाचा खर्च चालू आर्थिक वर्षात मंजूर झाला आहे का? अंतिम मंजुरी कोणाची लागते? निवड झाल्यास रुजू होण्याची अपेक्षित तारीख कोणती? नेमकी उत्तरे मिळाली तर जागा खरी असण्याची शक्यता मोठी. ‘बघू’, ‘लवकरच कळवू’ एवढेच हाती आले तर अर्ज मागे घेण्याचे कारण नाही, परंतु इतर प्रयत्न एक दिवसही थांबवू नयेत. नियुक्तिपत्र हाती पडून रुजू होण्याची तारीख पक्की होईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नये, हे तर मंदीत अपवादाशिवाय पाळावे.

वाढलेल्या अटी पाहून मागे फिरू नका

जुलै 2009 मध्ये अमेरिकेत प्रत्येक रिकाम्या जागेमागे सहाहून अधिक बेरोजगार होते. मंदीपूर्वी हेच प्रमाण दोनहून कमी होते. अर्जांचा असा ढीग पडला की कंपनी अटींचा उपयोग चाळणीसारखा करते. कालपर्यंत ज्या कामाला दोन वर्षांचा अनुभव पुरत होता, त्यालाच पाच वर्षे आणि वर एक पदवी मागितली जाते. त्या मंदीचा जास्त फटका बसलेल्या भागांतील जाहिरातींमध्ये शिक्षण, अनुभव आणि संगणक-कौशल्याच्या मागण्या अधिक वाढल्या आणि अर्थव्यवस्था सावरल्यावरही त्या लवकर खाली आल्या नाहीत, असे अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसून आले आहे. त्यामुळे जाहिरातीतील प्रत्येक अट अपरिहार्य मानू नये. कामाच्या मुख्य दोन-तीन अटी पूर्ण होत असतील तर अर्ज करावा. मात्र तो नेहमीच्या मार्गाने ढिगात टाकण्याऐवजी त्या संस्थेत काम करणाऱ्या ओळखीच्या व्यक्तीमार्फत पोहोचवण्याचा प्रयत्न करावा. शिफारशीने आलेला अर्ज कोणीतरी उघडून वाचतो, आणि ढिगातून वर येण्यासाठी पहिली गरज तीच असते.

बायोडेटातील भाषाही या काळाला साजेशी हवी. मंदीत कंपनीला दोन गोष्टींची चिंता असते : पैसा आत कसा येईल आणि बाहेर जाणारा कसा थांबेल. ‘ग्राहक विभागाचे काम पाहिले’ या ओळीतून या चिंतेला काहीच उत्तर मिळत नाही. तेच काम ‘पाच महिन्यांत थकीत बिलांच्या 140 प्रकरणांपैकी 95 प्रकरणांत पूर्ण वसुली केली’ असे लिहिले की वाचणाऱ्याचे बोट तिथे थांबते. अर्थात आकडा खरा आणि मुलाखतीत सिद्ध करता येण्याजोगा असला पाहिजे. आपल्या मागील कामातून असे तीन आकडे शोधण्यात एक संध्याकाळ घालवावी. वीस ठिकाणी तोच जुना बायोडेटा पाठवण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

क्षेत्र निवडताना

बांधकाम, वाहने, यंत्रसामग्री यांसारख्या, ज्यांची खरेदी लोक पुढे ढकलू शकतात अशा क्षेत्रांना झळ लवकर आणि जोरात बसते. आरोग्य, शिक्षण, वीज, पाणी आणि दुरुस्ती यांची गरज पुढे ढकलता येत नाही, म्हणून तिथे भरती मंदावली तरी सहसा आटत नाही. पण हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. 2020 मध्ये जगभरात कामाचे 8.8 टक्के तास बुडाले, म्हणजे सुमारे 25.5 कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम गेले, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज होता; तेव्हा पर्यटन आणि उपाहारगृहे ठप्प झाली, तर गोदामे आणि घरपोच सेवा माणसे शोधत होत्या. त्यामुळे मंदी कशामुळे आली आहे ते आधी पाहावे आणि मग क्षेत्र ठरवावे.

पगार आणि कमी तासांचा प्रस्ताव

असलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार थेट कमी करायला कंपन्या कचरतात, कारण त्यामुळे मन उडालेली माणसे कामावर राहूनही काम करेनाशी होतात. त्याऐवजी पगारवाढ आणि बोनस थांबतात आणि नव्या माणसाला देऊ केलेला आकडा खाली येतो. अशा वेळी आकड्यावर फार ताणण्यापेक्षा सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल हे नियुक्तिपत्रात लिहून घ्यावे आणि पदनाम आपल्या अनुभवाला शोभेल असे मागावे.

कपातीऐवजी कामाचे तास कमी करण्याचा प्रस्ताव आला तर तो, माझ्या मते, बहुतेक वेळा स्वीकारावा. 2009 मध्ये जर्मनीचे सकल उत्पादन 5 टक्क्यांहून अधिक घसरले, तरी तेथील बेरोजगारी फारशी वाढली नाही. कमी तास काम आणि बुडालेल्या वेतनाचा काही भाग सरकारकडून, ही तेथील जुनी व्यवस्था त्यामागील एक मोठे कारण होती. मात्र अशी सरकारी भरपाई सगळीकडे नसते. त्यामुळे होकार देण्यापूर्वी ही व्यवस्था किती महिन्यांची आहे, या काळात विमा आणि इतर हक्क कायम राहतील का, आणि पुढे कपात झालीच तर देणी पूर्ण पगारावर मोजली जातील की कमी झालेल्या, हे लेखी घ्यावे. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात.

नवपदवीधर आणि ज्यांच्या कामात खंड पडला आहे ते

मंदीत शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्यांबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण त्यांची काहीही चूक नसताना त्यांची सुरुवात खालून होते. कॅनडातील पदवीधरांच्या अभ्यासात असे आढळले की, मंदीत नोकरीला लागलेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे 9 टक्क्यांनी कमी राहते आणि हे अंतर भरून यायला साधारण दहा वर्षे लागतात. त्याच अभ्यासातील महत्त्वाची गोष्ट अशी की, हे अंतर बरेचसे भरून निघते ते टप्प्याटप्प्याने अधिक चांगल्या कंपनीत गेल्यामुळे. म्हणून पहिली नोकरी मनासारखी नसली तरी स्वीकारावी, परंतु तिच्यात स्थिरावून जाऊ नये.

कामात पडलेला खंड लपवू नये. अमेरिकेत काल्पनिक अर्ज पाठवून केलेल्या एका प्रयोगात, बेरोजगारीचे महिने वाढत गेले तसे मुलाखतीचे बोलावणे कमी होत गेले आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत झाली. पण जिथे नोकऱ्यांची परिस्थिती मुळातच वाईट होती तिथे खंडाचा तोटा कमी दिसला. मंदीत माणूस घरी बसला तर दोष त्याचाच असेल असे नाही, हे नियोक्त्यांनाही कळते. तेव्हा ‘विभाग बंद झाल्याने सेवा संपली’ असे एका ओळीत सरळ लिहावे आणि त्याखाली त्या काळात केलेले अर्धवेळ काम किंवा घेतलेले प्रशिक्षण तारखांसह द्यावे. पहिले आठ महिने सर्वांत मोलाचे आहेत, एवढे ध्यानात ठेवून हंगामी कामही नाकारू नये.

भरती परतू लागते तेव्हाही बहुधा तोच क्रम दिसतो : आधी ओव्हरटाइम सुरू होतो, मग कंत्राटी जागा निघतात, मग रिकाम्या पडलेल्या कायम जागा भरल्या जातात. कंत्राटी जागांच्या जाहिराती दिसू लागल्या की त्याच आठवड्यात, ज्या अधिकाऱ्यांनी ‘पद थांबले आहे’ असे खरे सांगितले होते त्यांना पुन्हा निरोप पाठवा. थांबलेली पदे सुरू होतात तेव्हा नवी जाहिरात देण्याआधी आम्ही जुन्या मुलाखतींची यादीच काढून बसतो.