'रेडी' कुठं म्हणावं, कुठं म्हणू नये: बेळगाव-खानापूर-निपाणीकरांसाठी

आपल्याकडं 'रेडी' हा शब्द इंग्रजी राहिलेलाच नाही. घरात आई "आवरलं काय? रेडी झालास काय?" असं विचारते, शेजारच्या कानडी घरातून "ऊटा रेडी ऐती" अशी हाक येते, आणि खडेबाजारात शिंप्याच्या दारात "ब्लाऊज रेडी हाय न्हवं?" चालूच असतं. मराठी आणि कानडी, दोन्हीकडं शब्द इतका रुळलेला की इंग्रजी बोलायची वेळ आली की तोच आधी तोंडात येतो. घोळ तिथंच होतो. मराठीत जिथं जिथं 'तयार' बसतो तिथं तिथं आपण इंग्रजीत 'रेडी' बसवत सुटतो, पण इंग्रजीतला 'रेडी' इतक्या सगळ्या कामांना येत नाही.

मुलाखतीला जाणारे, ऑफिसातून इंग्रजी मेल लिहिणारे आणि घरी एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, पोरांचा अभ्यास घेणारे, अशांनी पुढच्या पायऱ्या क्रमानं बघाव्यात. पहिल्या दोन जमल्या तरी निम्म्याहून जास्त चुका जातात.

पहिली पायरी: मराठीतला 'तयार' कुठला, ते बघा

इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी आपल्या मनातल्या मराठी वाक्याकडं बघायचं. आवरून, चपला घालून दारात उभं राहणं हा 'रेडी'चा हक्काचा अर्थ. "आर यू रेडी?" म्हणजे सरळ "आवरलं काय?" एखादं काम पुरं होऊन वस्तू हातात घेण्याजोगी झाली, तरी 'रेडी' चालतो: "द कोटेशन इज रेडी", "इज माय ब्लाऊज रेडी?" इथं बिनधास्त वापरा.

स्वयंपाकघरात मात्र दोन शब्द लागतात. भात शिजला तर "द राइस इज डन". पानं घेतली, या आता जेवायला, असं सांगायचं तर "डिनर इज रेडी". आचेवरचं काम संपलं की 'डन', वाढायला हरकत नाही अशी अवस्था आली की 'रेडी'. कुंदा परतून तांबूस झाला, गॅस बंद केला, तेव्हा तो 'डन'. निवला, डब्यात भरला, आता पाहुण्यांबरोबर द्यायचा, तेव्हा 'रेडी'. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूसही हे दोन्ही सरमिसळ करतो, त्यामुळं इथं फार काटेकोर होऊ नका.

शेतात 'रेडी'ला शेपूट लागतं. चिकोडी-अथणीकडं ऊस तोडीला आला की "द केन इज रेडी फॉर हार्वेस्ट" म्हणायचं. पाडाला आलेला आंबा 'रेडी फॉर पिकिंग', पण आढीत पिकून पिवळा झालेला आंबा 'राइप'. नुसतं "द मँगो इज रेडी" म्हटलं तर ऐकणारा विचारात पडतो, कशासाठी रेडी? उतरवायला, कापायला की पार्सल करायला?

माणसाच्या बाबतीत आपला 'तयार' आणखी लांब जातो. "पोरगं भारी तयार आहे" यातलं तयार म्हणजे चलाख, चार लोकांत न अडणारं. त्याला इंग्रजीत 'स्मार्ट' किंवा 'शार्प' लागतो. "द बॉय इज व्हेरी रेडी" म्हणाल तर पोरगं शाळेला निघालंय एवढंच समजेल. गाण्यातल्या 'तयारी'चंही तसंच. बेळगावजवळच्या सुळेभावीला 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा गळा लहानपणीच किती तयार होता, हे आपल्याकडची जुनी माणसं कौतुकानं सांगतात. ते इंग्रजीत सांगताना 'ट्रेंड व्हॉइस' म्हणावं लागतं. 'रेडी व्हॉइस' अशी काही चीज नाही.

दुसरी पायरी: 'तयार नाही' म्हणताना थांबा

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, म्हणून ही पायरी जरा सावकाश.

खानापूर-जांबोटीकडं जुलैत पाऊस लागला की "पाऊस थांबायला तयार नाही" हे वाक्य दिवसभर ऐकू येतं. गाडीला किक मारून दमलेला माणूस म्हणतो, "सुरूच व्हायला तयार नाही." मराठीत हे झकास आहे, पावसाला आणि गाडीला हट्टी माणसासारखं वागवतो आपण. इंग्रजीही तसंच वागवतं, फक्त शब्द वेगळा: "द रेन वोन्ट स्टॉप", "द बाइक वोन्ट स्टार्ट". "द बाइक इज नॉट रेडी टू स्टार्ट" म्हटलं तर गॅरेजवाल्याला वाटेल, अजून काही पार्ट बसवायचा राहिलाय.

माणूस ऐकत नसेल तरी हेच. "तो ऐकायलाच तयार नाही" म्हणजे "ही वोन्ट लिसन" किंवा "ही रिफ्यूजेस टू लिसन". भारतात "ही इज नॉट रेडी टू लिसन" सर्रास बोललं जातं आणि आपसात ते समजतंही. पण परदेशी माणसाच्या कानाला त्याचा अर्थ 'त्याच्या मनाची तयारी अजून झालेली नाही' असा लागतो. म्हणजे आपण हट्ट सांगतो आणि तो सहानुभूती दाखवतो.

जमिनीच्या व्यवहारात तर हा फरक पैशाचा होतो. बाहेरगावचा गिऱ्हाईक इंग्रजीत विचारतो, मुलगा वडिलांच्या वतीनं सांगतो, "माय फादर इज नॉट रेडी टू सेल." मुलाच्या मनात आहे: वडील विकणार नाहीत, विषय संपला. गिऱ्हाइकाच्या कानात पडतं: आज नाही, पण पुढं विकतील, जरा थांबू या. मग तो दर दोन महिन्यांनी फोन करत राहतो आणि घरचे वैतागतात. विषय संपवायचा असेल तर "ही डझन्ट वॉन्ट टू सेल" किंवा "ही इज नॉट विलिंग टू सेल" म्हणा. भाव वाढवून घ्यायचा असेल तर 'नॉट रेडी'च बरा, तो दार थोडं उघडं ठेवतो.

होकारात ही अडचण येत नाही. "ही इज ऑलवेज रेडी टू हेल्प" हे चोख इंग्रजी आहे, त्यात राजीपण आणि तत्परता दोन्ही येतात. 'रेडी'ला 'नॉट' जोडताना मात्र एकदा विचार करा.

तिसरी पायरी: मुलाखतीत दोन प्रश्न वेगळे ठेवा

उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात किंवा पुण्या-बंगळूरच्या कंपनीत मुलाखत असेल तर दोन प्रश्न हमखास येतात. कधी रुजू होणार, आणि गाव सोडून जायची तयारी आहे का. पहिल्याला "आय ॲम रेडी टू जॉइन फ्रॉम मंडे" हे उत्तम उत्तर, कारण तिथं वेळेची गोष्ट आहे. दुसऱ्यात मनाची गोष्ट आहे, म्हणून "आय ॲम विलिंग टू रिलोकेट". अर्जावरही बहुतेक 'विलिंग टू रिलोकेट' असंच छापलेलं असतं. त्याला "यस, आय ॲम रेडी" म्हटल्यानं नोकरी जाणार नाही, पण 'विलिंग' ऐकलं की समोरच्याला उमेदवाराला प्रश्न नेमका कळल्याचं जाणवतं.

परीक्षेची तयारी म्हणजे 'प्रिपेअर'. अभ्यास चालू असेल तर "आय ॲम प्रिपेअरिंग फॉर द एक्झाम", अभ्यास झाला, आता पेपर आला तरी चालेल, तेव्हा "आय ॲम रेडी फॉर द एक्झाम". कष्ट 'प्रिपेअर'कडं, अवस्था 'रेडी'कडं.

चौथी पायरी: पुढं 'टू' की 'फॉर'

यात डोकं लावण्यासारखं फार नाही. पुढं क्रियापद आलं तर 'टू', आणि क्रियापद मूळ रूपात: "रेडी टू गो", "रेडी टू ऑर्डर". पुढं नाम आलं तर 'फॉर': "रेडी फॉर स्कूल", "रेडी फॉर द मीटिंग". "रेडी टू गोइंग" आणि "रेडी फॉर गो" ही दोन्ही टाळा. हातात काही धरून सज्ज असाल तर 'विथ': "शी वॉज रेडी विथ द आन्सर".

एक गंमत लक्षात ठेवा. "द चिकन इज रेडी टू ईट" या वाक्याचे दोन अर्थ होतात. एकात ताटात वाढलेली कोंबडी खाण्याजोगी झालीय, दुसऱ्यात खुराड्यातली कोंबडी दाणे टिपायला उतावीळ झालीय. संदर्भानं कळतं, तरी मेलमध्ये लिहिताना असं वाक्य एकदा वाचून बघावं.

पाचवी पायरी: 'रेडी करतो' म्हणजे 'मेक रेडी' नव्हे

मराठीत 'रेडी कर', कानडीत 'रेडी माडु'. दोन्ही भाषा 'करणे' लावतात, त्यामुळं आपल्या भागात "आय विल मेक रेडी द फाइल" ही चूक इतकी घट्ट बसलीय की शिकवणाऱ्यांच्या तोंडीही सापडते. इंग्रजीत या कामाला 'गेट' येतो, आणि वस्तू मध्ये बसते: "आय विल गेट द फाइल रेडी". स्वतःचं आवरायचं तरी 'गेट': "आय ॲम गेटिंग रेडी" म्हणजे आवराय लागलोय, "आय ॲम रेडी" म्हणजे आवरलं. फोनवर "निघालोच" म्हणून अजून टॉवेल शोधणाऱ्यांनी पहिलं वाक्य वापरावं.

आधी काढून ठेवा असं सांगायचं तर 'कीप' किंवा 'हॅव': "प्लीज कीप युवर डॉक्युमेंट्स रेडी". छापखान्यात 'मेकरेडी' हा शब्द ऐकला असेल तर तो खरा आहे, छपाई सुरू करण्याआधी मशीन लावून घेण्याचं ते काम. पण तो त्या धंद्यापुरताच.

सहावी पायरी: नामाच्या आधी आला की अर्थ बदलतो

'रेडी' नामाच्या आधी बसला की बहुतेक वेळा 'चटकन हाताशी असलेला' असा अर्थ होतो. 'रेडी कॅश' म्हणजे रोकड. 'अ रेडी आन्सर' म्हणजे विचारल्याबरोबर आलेलं उत्तर. 'रेडी विट' म्हणजे हजरजबाबीपणा. 'रफ अँड रेडी' म्हणजे कामचलाऊ, देखणं नाही पण वेळ निभावून नेणारं.

याच जातीचा 'रेडी रेकनर'. रेकन करणं म्हणजे हिशेब करणं. आकडेमोड आधीच करून तक्त्यात मांडलेली पुस्तकं पूर्वी व्यापारी जवळ ठेवत, त्यांचं हे नाव. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कासाठी सरकार जमिनीचे आणि घरांचे जे दर ठरवतं त्यांना लोक रेडी रेकनर म्हणतात. निपाणीहून कागलला गेलात की प्लॉटच्या बोलण्यात हाच शब्द कानावर येईल. हद्दीच्या अलीकडं, कर्नाटकात, त्याच कामाच्या दराला 'गायडन्स व्हॅल्यू' म्हणतात. दोन्हीकडं पाहुणे आणि दोन्हीकडं जमिनी असलेल्यांनी कागद करताना ही नावं उलटसुलट करू नयेत. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत रेडी रेकनर विचारलं तर समोरचा समजून घेईल, पण वेबसाइटवर शोधताना हाती काही लागणार नाही.

सातवी पायरी: गोतावळ्यातले बाकीचे

'रेडिली' म्हणजे सहज, किंवा खुशीनं. बाजारात माल सहज मिळतो तर "रेडिली अव्हेलेबल". पाट्यांवर दिसणारं "रेडी अव्हेलेबल" चूक आहे. 'ॲट द रेडी' हा सैनिकी बाज: हत्यार हातात, क्षणात चालवता येईल असं. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र असल्यामुळं घराघरात कुणीतरी फौजी आहे, त्यांना हे सांगायला नको. शाळेच्या स्पर्धांत "रेडी, स्टेडी, गो" चालतं. अधिकृत स्पर्धेत चारशे मीटरपर्यंतच्या शर्यतीत "ऑन युवर मार्क्स", मग "सेट" आणि मग बार.

राहिला 'ऑलरेडी'. जोडून लिहिला की 'आधीच': "आय हॅव ऑलरेडी सेंट द फाइल". तोडून लिहिला की 'सगळे तयार': "वी आर ऑल रेडी". बोलताना दोन्ही जवळजवळ सारखेच वाजतात, आणि संगणकाची स्पेलिंग तपासणी दोन्ही रूपं बरोबर धरून बऱ्याचदा गप्प बसते. मेल पाठवण्याआधी ही एक जागा स्वतःच्या डोळ्यांनीच बघावी लागते.