ऑइल चेंबर घरी बसवताना सीलंटच्या या चुका टाळा

ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, खोललं, सांधा बंद करणारं नवं सीलंट लावलं, बोल्ट आवळले आणि आठवड्याभरात पार्किंगच्या फरशीवर पुन्हा तेलाचा डाग. मग सीलंटच्या ट्यूबला नावं ठेवली जातात. खरं तर अशी गळती बहुतेक वेळा ट्यूबचं टोपण उघडण्याआधीच ठरलेली असते, पुसण्याच्या कामात.

ऑइल काढून लगेच चेंबर उतरवलं तर ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य धडाच्या) आतल्या भिंतींवरून तेल थेंब थेंब ओघळत राहतं. तुम्ही कडा कितीही चकचकीत पुसा, पाच मिनिटांनी तिथे पुन्हा तेलकट थर. सीलंट सिलिकॉनचं असतं आणि ते तेलावर चिकटतच नाही. म्हणून गाडी स्टँडवर पक्की टेकवून (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका) चेंबर संध्याकाळी उतरवा आणि रात्रभर इंजिन निथळू द्या.

जुनं सीलंट खरवडायला स्क्रू ड्रायव्हर किंवा लोखंडी पट्टी घेऊ नका. ब्लॉक आणि चेंबर ॲल्युमिनियमचे असतील तर एक खोल ओरखडा म्हणजे तेलाला काढून दिलेली वाट. प्लॅस्टिकचं स्क्रॅपर वापरा. ड्रिलला पॉलिशची चकती लावून कडा घासणं त्याहून वाईट, कारण तिची बारीक भुकटी तेलातून थेट बेअरिंगपर्यंत पोचते. शेवटी ब्रेक क्लीनर किंवा थिनरने पुसा. पांढरं फडकं फिरवून बघा, काळं उमटलं तर पुन्हा पुसा.

आता फडक्याची गोष्ट. सोलापुरात टर्किश टॉवेलचे तुकडे घरोघरी पडलेले असतात आणि इतर पुसापुशीला ते उत्तमच. या कामाला मात्र नकोत. टॉवेलच्या विणीतून सुटलेला एक धागा कडेवर आडवा राहिला, की सीलंट त्याच्यावर बसतं, धातूवर नाही, आणि त्याच धाग्याच्या कडेने तेल पाझरत बाहेर येतं. जुना, खूप धुतलेला सुती बनियन घ्या.

पत्र्याचं चेंबर असेल तर बोल्टच्या भोकांजवळची कड बघा. आधी कुणी जोरात आवळलेलं असलं तर तिथे पत्रा वर उचललेला असतो. सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ करा. हे न करता सीलंटचा थर जाड केला तर पुढची चूक आपोआप घडते.

ती चूक म्हणजे जास्त सीलंट, आणि सगळ्यांत महाग पडते तीच. धार २ ते ३ मिलिमीटर हवी, जाड शेवेएवढी. कुठेही न तुटता, भोकांच्या आतल्या बाजूने फिरवून जिथे सुरू केली तिथेच मिळवा. बोटाने सारवू नका. जास्तीचं सीलंट आवळताना दोन्हीकडे दाबलं जातं. बाहेर आलेलं दिसतं, म्हणून लोक ते पुसतात. आत तेवढंच लोंबत असतं. पुढे त्याचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात, पंपाला तेल कमी पडतं आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागतो. दिवा दिसताच इंजिन बंद करा. तसंच चालवलं तर बेअरिंग जातात.

धार लावली की ५ ते १० मिनिटांत चेंबर जागेवर गेलं पाहिजे. वर साय धरली की दुसरी बाजू चिकटत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा अनेकदा ४० च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या धातूला हात लावता येत नाही. अशा धातूवर साय फार लवकर धरते. उलट, सीलंट हवेतल्या दमटपणावर आतपर्यंत वाळत जातं, त्यामुळे कोरड्या हवेत पूर्ण वाळायला जास्तच वेळ लागतो. काम सकाळी लवकर, सावलीत करा, आणि ऑइल भरायला ट्यूबवर लिहिलेला पूर्ण वेळ थांबा. साधारण २४ तास धरा.

बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग मधल्यापासून बाहेर, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. लांब पान्याने जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. तळ बंद असलेल्या भोकात तेल साचलं असेल तर बोल्ट लावण्यापूर्वी काढून टाका, नाहीतर दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) रबरी पॅकिंगवर सगळीकडे सीलंट फासू नका. त्यावर पॅकिंग घसरतं आणि आवळताना बाहेर सरकतं. टायमिंग कव्हर (इंजिनाच्या टोकाचं, टायमिंग चेनवरचं झाकण) आणि हेड (ब्लॉकवर बसणारा वरचा भाग) जिथे भेटतात त्या सांध्यावर वाटाण्याएवढा ठिपका बस. हेड गॅस्केटला (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगला), पेट्रोलच्या जोडाला साधं सिलिकॉन अजिबात नको. पेट्रोलने ते फुगतं. बाथरूमचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर इंजिनाजवळही नेऊ नका. ते धातूला गंज आणतं आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते.

एवढं करूनही गळतं? खालचा सगळा भाग धुऊन कोरडा करा, टाल्कम पावडर भुरभुरवा, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा. पावडर पहिल्यांदा जिथे ओली होते ते मूळ. पुष्कळदा ते वर टॅपेट कव्हरला निघतं आणि तेल ओघळून चेंबरवर आलेलं असतं. ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टचा वॉशरही बघा, तो दर वेळी नवा हवा. ब्रीदरची नळी (इंजिनाच्या आतला दाब मोकळा करणारी) तुंबली असेल तर आतला दाब तेलाला कुठून ना कुठून बाहेर ढकलतोच, मग कितीही सीलंट लावा. आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या मधून तेल येत असेल तर क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलेलं असू शकतं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते काम घरी करू नका, गाडी गॅरेजला न्या.