ईसीटीचा गुण तपासताना या चुका टाळा

‘शॉकने खरंच गुण येतो का हो?’ असं कुणी ईसीटीबद्दल, म्हणजे भूल देऊन डोक्याला विजेचा करंट देत फिट आणण्याच्या उपचाराबद्दल, विचारलं की आपण एखादा शोधनिबंध उघडतो, शेवटचा टक्का वाचतो आणि उत्तर देऊन टाकतो. घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी बघा, तुलना कशाशी केली आहे. तीव्र नैराश्याचा पेशंट वॉर्डात दाखल झाला, चार माणसं रोज विचारपूस करू लागली, की तेवढ्यानेही त्याला थोडं बरं वाटतं. म्हणून खोट्या ईसीटीचा गट लागतो. रात्रीपासून उपाशी, हाताला सुई, भूल, स्नायू सैल करणारं औषध, सगळं तेच. फक्त करंट सोडायचा नाही. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयातली, १९८० साली प्रसिद्ध झालेली ७० पेशंटची चाचणी अशीच होती. चार आठवड्यांत दोन्ही गट सुधारले, खऱ्या ईसीटीचा जास्त. सहा महिन्यांनी मात्र फरक उरला नव्हता. या एकाच चाचणीचा दाखला दोन्ही बाजूंचे लोक देतात, हे मजेशीरच! एकीवर थांबू नका. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या आढाव्यात सहा चाचण्यांचे २५६ पेशंट एकत्र मांडले, तेव्हा नैराश्य किती तीव्र आहे ते मोजणाऱ्या हॅमिल्टन मोजपट्टीवर खरी ईसीटी सरासरी ९.७ अंकांनी सरस ठरली.

दुसरी चूक माझ्या मते सगळ्यात महाग पडते: ‘फिट आली ना, मग झालं!’ न्यूयॉर्कमध्ये हॅरॉल्ड सॅकहाइम यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवलं, की डोक्याच्या फक्त उजव्या बाजूला जेमतेम फिट येईल एवढाच करंट दिला तर १७ टक्क्यांनाच गुण येतो. इलेक्ट्रोड दोन्ही बाजूंना लावले तर सुमारे ६५ टक्क्यांना. फिट दोन्हीकडे आलेली. म्हणजे ‘ईसीटी लागू पडली नाही’ असं लिहिण्याआधी डोस आणि इलेक्ट्रोडची जागा तपासा. रात्रीची क्लोनाझेपाम ही झोपेची-चिंतेची गोळी चालूच आहे का, तेही विचारा. ती फिट दाबते.

गुण मोजणाऱ्याला पेशंट खऱ्या गटातला की खोट्या, हे कळू देऊ नये, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शुद्धीवर आलेला पेशंट ‘डोकं ठणकतंय’ म्हणाला की गुपित फुटतं. म्हणून मोजणी त्याच दिवशी नको.

आणि वही लवकर मिटू नका. २००१ च्या अमेरिकी चाचणीत ईसीटीने बरे झालेल्यांना पुढे नुसत्या साखरेच्या गोळ्या दिल्या, तेव्हा २४ आठवड्यांत ८४ टक्क्यांचं नैराश्य परतलं. नॉरट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचं औषध आणि मूड स्थिर ठेवणारं लिथियम मिळून दिल्यावर ३९ टक्क्यांचं. त्याच वहीत स्मरणशक्तीचा वेगळा रकाना ठेवा, आणि तो पेशंटबरोबर घरच्यांनाही विचारून भरा.