पहिल्या स्विंगच्या आधी: सॉफ्टबॉलची बॅटिंग शिकवणाऱ्याची तयारी

मुलगी मैदानावर यायच्या आधी तुमची पिशवी भरलेली हवी. टी (चेंडू ठेवून मारायचा उभा दांडा), दहा-बारा चेंडू, जाळी, मोजपट्टी, आखायला चुना, मोबाइल आणि तो उभा करायला तिपाई, शिवाय एक वही. टीच्या टोकाचं रबर फाटलं असेल तर ते आधी बदला. फाटक्या रबरावर चेंडू कलतो आणि मुलीला वाटतं, आपलाच फटका चुकला. चेंडू सगळे एकाच मापाचे घ्या. मोठ्यांचा सॉफ्टबॉल १२ इंच घेराचा, म्हणजे साधारण ३०.५ सेंटिमीटर, आणि वजनाला १७८ ते १९८ ग्रॅम असतो. लहानांच्या गटांत बऱ्याचदा ११ इंची चेंडू असतो. ती सामन्यात ज्या चेंडूला सामोरी जाणार, सराव त्याच चेंडूवर व्हायला हवा.

सामानात सगळ्यांत जास्त वेळ मी बॅट तपासण्यात घालवते, आणि त्याला कारण आहे. दहा वर्षांच्या एका मुलीला मी तीन आठवडे "कोपर मागे राहू दे, कोपर मागे राहू दे" असं सांगत होते. तिचं मागचं कोपर दर स्विंगला, म्हणजे बॅट फिरवताना दर वेळी, हातांच्या पुढे घुसायचं आणि बॅट मागून फरफटत यायची. एक दिवस तिची बॅट घरी राहिली म्हणून तिने धाकट्या मैत्रिणीची हलकी बॅट घेतली आणि पहिल्या पाच चेंडूंतच कोपर जागेवर आलं. दोष शिकण्यात नव्हता, बॅटच्या वजनात होता. तीन आठवडे त्या पोरीला मी उगाच बोलत राहिले, हे मला अजून लागतं. म्हणून आता पहिल्या दिवशीच बघते: बॅट एका हातात धरून हात खांद्याच्या उंचीवर बाजूला सरळ करायचा आणि वीस आकडे मोजायचे. त्याआधी हात थरथरला किंवा खाली आला, तर बॅट जड आहे. नियमानुसार बॅट जास्तीत जास्त ३४ इंच लांब आणि २.२५ इंच जाड असू शकते, पण ही वरची मर्यादा आहे, लहान मुलीचं माप नव्हे. "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून मोठी बॅट घेणं म्हणजे हे अख्खं वर्ष वाया घालवणं. बॅटवर चीर आहे का, मुठीची पट्टी सैल झाली आहे का, खालचा गोळा हलतो का, हेही हाताने चाचपून घ्या.

जाळीवाल्या हेल्मेटशिवाय एकही चेंडू टाकायचा नाही. हेल्मेट डोक्यावर बसवून मान हलवायला सांगा. मान फिरली आणि हेल्मेट तिथेच राहिलं, तर ते मोठं आहे. आणि मोठ्या हेल्मेटमधून पुढच्या डोळ्याला चेंडू अर्धाच दिसतो. समोरून चेंडू टाकणाऱ्याने आडोशाच्या जाळीमागेच बसायचं. पाळी यायची वाट बघणाऱ्या मुलींनी बॅटच्या टप्प्याबाहेर, सांगितलेल्या जागीच उभं राहायचं.

आता जमीन आखून घ्या. होम प्लेट, म्हणजे बॅटर जिच्या बाजूला उभी राहते ती जमिनीवरची पांढरी पाटी, पुढच्या बाजूला १७ इंच रुंद असते आणि बॅटरचा चौकोन तिच्यापासून ६ इंचांवर सुरू होऊन ३ फूट रुंद, ७ फूट लांब असतो. हे चुन्याने खरंच आखा. अंदाजाने उभी राहणारी मुलगी सामन्यात प्लेटपासून वीतभर लांब उभी राहते आणि बाहेरचा, म्हणजे अंगापासून लांबचा स्ट्राइक (मारण्याजोगा चेंडू) तिला बॉल (सोडण्याजोगा) वाटतो.

पहिले दहा स्विंग तोंड उघडायचं नाही. हा यादीतला सगळ्यांत अवघड मुद्दा आहे आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मोबाइल एकदा तिच्या छातीसमोर, एकदा पाठीमागून पिचरच्या (चेंडू टाकणारीच्या) रेषेत, छातीच्या उंचीवर उभा करा आणि स्लो मोशनवर ठेवा. बॅट फिरायला साधारण ०.१५ ते ०.२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात नुसत्या डोळ्याला शेवट तेवढा दिसतो, सुरुवात दिसत नाही. आणि चूक बहुतेक वेळा सुरुवातीलाच झालेली असते. हात चुकलेले दिसतात, पण बिघाड पायात किंवा वेळेत असतो. म्हणून तपासायचं ते खालून वर.

पकड चटकन बघून पुढे जा. दारावर टकटक करताना जी पेरं लागतात, ती दोन्ही हातांची साधारण एका ओळीत यावीत, बॅट तळव्यात न रुतता बोटांत राहावी, आणि मूठ इतकी सैल असावी की तुम्ही बॅट ओढली तर थोडी सरकेल. उभं राहताना पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, गुडघे मोकळे, वजन चवड्यांवर. वाकून बॅटचं टोक प्लेटच्या पलीकडच्या कडेला टेकतं का, ते बघा. चेहरा पूर्ण पिचरकडे आहे ना, हे तपासायला तुम्ही स्वतः पिचरच्या जागी जाऊन उभे राहा. तिचे दोन्ही डोळे तुम्हाला दिसले पाहिजेत. क्रिकेट खेळून आलेल्या मुलींना इथे जरा वेळ द्यावा लागतो, कारण त्यांचे हात बॅट खालून सरळ आणायला सरावलेले असतात.

वेळ साधणं या भागापाशी मात्र थांबा. मोठ्या मुलींच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे १३.११ मीटरवरून टाकते; बारा वर्षांखालच्या गटांत हे अंतर बहुधा ४० फूट असतं. शिवाय ती पाऊल पुढे टाकून चेंडू सोडते, त्यामुळे खरं अंतर आणखी कमी होतं. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला २० मीटर येतो. म्हणजे ओळखायला, ठरवायला आणि फिरवायला सगळं मिळून जेमतेम अर्धा सेकंद. ज्या मुलीची तयारी चेंडू सुटल्यावर सुरू होते, ती कितीही जोरकस असली तरी उशिराच पोहोचते, आणि मग आई-बाबा बाहेरून ओरडतात, "लवकर फिरव!" लवकर फिरवायचं नसतं, लवकर तयार व्हायचं असतं. पिचरचा हात गोल फिरू लागला की हिचं वजन मागच्या मांडीच्या आतल्या बाजूवर यावं आणि हात मागच्या खांद्यापाशी किंचित मागे जावेत. पिचरचा हात कमरेपाशी येऊन चेंडू सुटतो, तेव्हा हिचा पुढचा पाय जमिनीला टेकत असावा. हे शिकवायला बॅट लागतच नाही. तिला चौकोनात उभं करा, तुम्ही चेंडूशिवाय हात फिरवा आणि ती फक्त वजन मागे, पाऊल पुढे एवढंच करेल. वीस वेळा. कंटाळवाणं वाटेल, तरी करा.

पाऊल लहान, वीतभरापेक्षा कमी, आणि मऊ. बर्फावर पाय ठेवावा तसं, असं सांगितलं की मुलींना कळतं. आधी चवडा टेकतो, टाच नंतर. टाच टेकताच कंबर फिरायला लागते. पाऊल पिचरच्या दिशेनेच पडतं का, हे जमिनीवर वाचता येतं. स्विंगनंतर मुलीला बाजूला करा आणि माती बघा. पुढच्या पायाचा ठसा प्लेटपासून लांब सरकलेला असेल, तर तिला चेंडूची भीती वाटते आहे. मग तंत्राचं बोलणं बंद करा, मऊ चेंडू घ्या आणि आतला, म्हणजे अंगाजवळचा चेंडू येताना खांदा आत वळवून तो पाठीवर कसा झेलायचा, हे आधी शिकवा. मागच्या चवड्याच्या जागी नुसतं गोल भोक पडलेलं असेल, तर ती जागच्या जागी टाच फिरवते आहे आणि वजन मागेच राहिलं आहे. "टाच फिरव" ही सूचना मी याच कारणासाठी सोडून दिली. मागचा गुडघा पुढच्या गुडघ्याकडे गेला की टाच आपोआप उचलली जाते, आणि चवडा पुढे सरकल्याची छोटी रेघ मातीत उमटते. ती रेघ दिसली की मला बरं वाटतं.

आता कंबर आणि हात. नाभी पिचरकडे वळायला लागते तेव्हा हात अजून मागच्या खांद्यापाशीच असले पाहिजेत. हा क्षणभराचा पीळच जोर देतो. व्हिडिओ नेमका इथे थांबवा. हात आधीच शरीरापासून लांब गेले असतील तर बॅट मोठं वर्तुळ घेते आणि आतला चेंडू मुठीजवळ लागतो. त्यावर उपाय साधा: तिच्या पोटापासून एका बॅटच्या लांबीवर जाळी उभी करा आणि जाळीला न लागता हळू फिरवायला सांगा. वरून खाली कापल्यासारखा फटका मारायला लावू नका. चेंडू वरून खाली उतरत येतो, तेव्हा बॅट त्याच्या वाटेत जितका वेळ राहील तितकी चुकीला जागा कमी. चेंडू लागतो त्या क्षणी वरच्या हाताचा तळवा आकाशाकडे, खालच्याचा जमिनीकडे. मनगटं वळतात ती त्यानंतर. मागचं कोपर तेव्हा फासळ्यांजवळ वाकलेलंच असतं. हात लांबतात ते चेंडू निघून गेल्यावर.

टी कुठे ठेवायची, याचा विचार घरून करून या. मधल्या चेंडूसाठी टी पुढच्या पायाच्या रेषेत किंवा किंचित पुढे, आतल्यासाठी आणखी चेंडूभर पुढे, बाहेरच्यासाठी मागे, पुढच्या मांडीच्या समोर. बरेच जण टी पोटासमोर, थेट प्लेटच्या मधोमध ठेवतात आणि मुलगी महिनोन्‌महिने चुकीच्या जागी चेंडू मारायला शिकते. टीनंतर बाजूने हलके टाकलेले चेंडू, मग पाच-सहा मीटरवरून समोरून, हात खालून आणून टाकलेले. आठ-दहाचा एक डाव, मध्ये मिनिटभर विश्रांती. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला दिवसाला पन्नास-साठ स्विंग पुरतात. थकलेल्या अंगाने मारलेले पुढचे चाळीस फक्त नवी खोड लावतात.

सूचना आदल्या रात्रीच लिहून ठेवा, आणि एकच. पाय, कंबर, कोपर, डोकं असं सगळं एका दमात ऐकलेली मुलगी चेंडू बघायचंच विसरते. शक्य तिथे शरीराचं नाव न घेता जागा दाखवा. "कोपर खाली" म्हणण्यापेक्षा "चेंडू पिचरच्या टोपीवरून जाऊ दे" म्हणा, अंग आपली वाट शोधतं. चुकली तर "अगं, असं नाही" म्हणण्याआधी "काय जाणवलं तुला?" विचारा. "बॅट जड झाली", "मला चेंडू दिसलाच नाही", अशी जी उत्तरं येतात, ती व्हिडिओत दिसत नाहीत.

सामन्याच्या आदल्या दिवशी काहीही बदलू नका. जी पकड आहे, जसं पाऊल पडतं, तसंच. त्या दिवशी टीवर वीस चेंडू, चेंडूशिवाय वेळ साधण्याचा सराव, आणि बॅट, हेल्मेट, बूट एकाच पिशवीत भरून ठेवणं, बस.

शेवटी वही. चेंडू गोळा करायला मुलीबरोबर तुम्हीही वाका आणि तेवढ्यात विचारा, आज कोणता फटका आठवतोय. तो कोणत्या उंचीवरचा होता, आतला की बाहेरचा, टी कुठे होती, एवढं तारखेखाली टिपून ठेवा. पुढच्या खेपेला पहिला चेंडू तिथेच ठेवायचा.