व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसासोबत साध्या हॉटेलात राहायचं असेल तर

हॉटेल शोधायला बसण्याआधी मोजायचा टेप हातात घ्या आणि व्हीलचेअर मोजा. आम्ही पहिल्या दोन प्रवासांत हे केलं नव्हतं आणि दोन्ही वेळा व्हीलचेअर वापरणाऱ्या माझ्या ताईला त्याची किंमत मोजावी लागली.

चार मापं लागतात. रुंदी एका बाजूच्या हाताने फिरवायच्या कडीपासून दुसऱ्या बाजूच्या कडीपर्यंत, म्हणजे खुर्चीचा सगळ्यात बाहेरचा भाग धरून. लांबी मागच्या चाकापासून पायाच्या बोटांपर्यंत, माणूस बसलेला असताना, कारण पाय फूटरेस्टच्या पुढे येतात. बसायची उंची कुशनसकट आणि तीही बसल्यावर, कारण कुशन दबतं. शेवटी वजन. घडीच्या साध्या खुर्च्या साधारण ६० ते ७० सेंमी रुंद असतात, पण 'साधारण' या शब्दावर प्रवास करू नका. दोन सेंमीसाठी अख्खी रात्र अडते.

मग खुर्ची वापरणाऱ्या माणसाशी बोला. त्यांना काही क्षण उभं राहता येतं का, खुर्चीतून पलंगावर जाताना डावीकडून सोपं जातं की उजवीकडून, अंघोळीला पाठीला टेकू लागतो का. घरी हे सगळं सवयीने चालतं म्हणून आपल्याला वाटतं की आपल्याला माहीत आहे. नव्या खोलीत सवय उपयोगी पडत नाही. आणि ही उत्तरं त्यांची आहेत, आपण परस्पर ठरवायची नाहीत.

फोनवर काय विचारायचं

'व्हीलचेअर चालेल का?' हा प्रश्न विचारूच नका. याचं उत्तर नेहमी 'हो, हो, चालेल' असंच येतं. समोरचा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर मुख्य दरवाजा असतो आणि तो खरंच रुंद असतो. व्हीलचेअरचं चिन्हही तसंच. १९६८ साली तयार झालेलं ते चिन्ह आज जगभर सगळे ओळखतात, पण ते लावलं म्हणजे बाथरूममध्ये खुर्ची वळतेच असं नाही.

सेंमीमध्ये विचारा. सगळ्यात आधी बाथरूमचं दार, कारण साध्या हॉटेलांत गाडी अडते ती तिथेच. दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा किती राहते? ८० सेंमी असेल तर निश्चिंत व्हा. ७० असेल तर तुमच्या खुर्चीचं माप बघा. दार आत उघडतं की बाहेर? आत उघडणारं दार छोट्या बाथरूममधली निम्मी जागा खातं, आणि आत माणूस पडला तर ते बाहेरून उघडतही नाही. उंबरठा किती उंच आहे? कमोडच्या कोणत्या बाजूला मोकळी जागा आहे? त्यानंतर खोलीचं दार, लिफ्टचं दार आणि लिफ्टची आतून लांबी, पलंगाची गादीसकट उंची. आणि प्रवेशाला पायऱ्या किती.

'फक्त एकच पायरी आहे' हे वाक्य कानावर आलं की थांबून उंची विचारा. रॅम्पसाठी प्रमाण १:१२ धरतात. म्हणजे १५ सेंमीच्या एका पायरीला १८० सेंमी लांबीचा उतार लागतो. दोन पायऱ्या असतील तर त्याच्या दुप्पट. दारात टाकलेली छोटी फळी म्हणजे रॅम्प नव्हे, त्यावरून खुर्ची मागे उलटते.

फोनवरच्या माणसाला टेप घेऊन खोलीत जायला सांगा, आणि टेप दाराला लावलेला असतानाच फोटो पाठवायला सांगा. जो खरंच जाऊन मोजतो तो पुढेही मदत करतो, हा माझा अनुभव आहे. जो 'आल्यावर बघू' म्हणतो, त्याच्याकडे खोली स्वस्त असली तरी आम्ही जात नाही.

तळमजल्याची खोली मागा. वीज गेली, लिफ्ट बंद पडली, आग लागली, तिन्ही वेळी तळमजला तारतो. एका मोठ्या पलंगापेक्षा दोन सुटे पलंग बरे, कारण ते सरकवून हवी तिथे जागा करता येते. खुर्ची जागेवर पूर्ण वळायला साधारण १५० सेंमी व्यासाची मोकळी जागा लागते. साध्या हॉटेलात ती तयार मिळत नाही, टेबल आणि जास्तीची खुर्ची बाहेर काढून करून घ्यावी लागते. हे आधीच बोलून ठेवा. आणि ठरलेली खोली कोणती, तिचा क्रमांक काय, हे मेसेजवर लिहून घ्या. अशा खोल्या एकदोनच असतात आणि त्या सहज दुसऱ्याला दिल्या जातात. आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन करा.

पिशवीत काय असावं

टेप, स्क्रूड्रायव्हर, लांब वायरचं एक्स्टेन्शन बोर्ड, ओल्या फरशीवर न सरकणारी रबरी चटई, चाकं पुसायला जुना टॉवेल, दार ओढून घ्यायला दोरी. हवेची चाकं असतील तर पंप. उंबरठ्यासाठी रबराची उतरती पट्टी मिळते, ती नेता आली तर न्याच. बाथरूम गाठायला वेळ लागतो, म्हणून लघवीचं भांडं आम्ही नेहमी ठेवतो. एवढ्या साध्या वस्तूमुळे कितीतरी रात्री शांत गेल्या.

पोहोचल्यावर

सामान उतरवण्याआधी आणि पैसे भरण्याआधी टेप घेऊन खोली बघा. शक्य असेल तर दोघं मिळून बघा. नाही पटलं तर परत फिरणं या टप्प्यावर सोपं असतं.

रिसेप्शनवर एक गोष्ट हमखास होते. ताई समोर बसलेली असते आणि प्रश्न मला विचारले जातात. 'यांना चहा चालेल का?' 'यांचं नाव काय?' मी उत्तर देत नाही, ताईकडे बघते. दुसऱ्या प्रश्नापर्यंत समोरच्याला कळतं आणि तो तिच्याशी बोलू लागतो. काउंटर उंच असेल तर फॉर्म पॅडवर लावून मागून घ्या, ती मांडीवर धरून भरते.

पायरी चढवावी लागलीच तर मदतीला धावणाऱ्यांना आधी थांबवा. आर्मरेस्ट आणि फूटरेस्ट निघणारे असतात, ते धरून उचललं की हातात येतात. पकड फक्त पक्क्या सांगाड्याला आणि मागच्या मुठींना. उतरवताना खुर्ची उलटी फिरवून मोठी चाकं आधी खाली. आणि उचलण्यापूर्वी बसलेल्या माणसाला विचारा. न सांगता हवेत उचललं जाणं काय असतं, हे ताईने मला एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून 'तीन म्हटल्यावर उचला' हे तीच म्हणते.

बाथरूम

एकदा फोनवर सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. रात्री दहाला पोहोचलो. बाथरूमच्या दाराची मोकळी जागा ६१ सेंमी आणि ताईची खुर्ची ६३. गावात दुसरी खोली नाही. ताई दाराकडे बघत म्हणाली, 'हे दार उघडल्यावरही मध्ये येतंय, बघ.' खरंच, नव्वद अंशात उघडलेल्या दाराची जाडी चौकटीतली तीनेक सेंमी जागा खात होती. तिथल्या मुलाने स्क्रूड्रायव्हर आणला, बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार उचलून भिंतीला टेकवलं. चौकट भरली ६४.५. ताईने हात मांडीवर घेतले, मी सरळ रेषेत हळूहळू ढकललं, खुर्ची आत गेली. चौकटीला चादर टांगली आणि दोन दिवस तेच दार. तेव्हापासून स्क्रूड्रायव्हर आमच्याच पिशवीत असतो. अर्थात हॉटेलला विचारल्याशिवाय दार काढू नका.

खुर्ची आत जातच नसेल तर दाराशी लावून आतल्या खुर्चीवर बसता येतं का बघा. अंघोळीला प्लास्टिकची खुर्ची देतात. तिचे पाय ओल्या फरशीवर फाकतात. आधी स्वतः बसून बघा, तडा आहे का तपासा, पाठ भिंतीला लावा, खाली रबरी चटई घाला. कमरेत तोल नसेल तर ही खुर्ची वापरूच नका, स्वतःची अंघोळीची खुर्ची न्या. कडक प्लास्टिकवर फार वेळ बसवू नका, त्वचेला ते सोसत नाही.

टॉवेलचा रॉड आधाराचा नसतो. भिंतीवरचं बेसिनही नसतं. दोन्ही अंगाच्या भाराने उखडतात. रबरी वाटीने चिकटणारे दांडे फक्त तोल सावरायला, वजन टाकायला नाहीत.

साधा कमोड ४० सेंमीच्या आसपास उंच असतो आणि खुर्चीची बैठक त्यापेक्षा बरीच वर. त्यामुळे खाली सरकणं सोपं वाटतं आणि परत वर येणं जड जातं. येताना किती ताकद लागेल, याचा विचार जाण्याआधी करा.

आणि पाणी. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही, त्यांना चटका बसलेला कळत नाही. अनोळखी नळाला किती गरम पाणी येईल सांगता येत नाही. गार पाणी आधी सोडा, मग गरम मिसळा, बंद करताना गरम आधी बंद करा. दर वेळी आपल्या मनगटावर बघा. गरम पाण्याचा उघडा पाइप पायांना लागत नाही ना, हेही.

पलंग आणि रात्र

गुळगुळीत फरशीवर हॉटेलचा पलंग सरकतो. तो भिंतीला टेकवा. खुर्ची पलंगाला थोडी तिरकी लावा, ब्रेक दोन्ही बाजूंचे, फूटरेस्ट बाजूला, पलंगाकडचं आर्मरेस्ट काढलेलं, पावलं जमिनीवर. मुठींना अडकवलेल्या जड पिशव्या आधी काढा. माणूस उठला की त्या वजनाने खुर्ची मागे उलटते. पलंग खुर्चीपेक्षा फार उंच असेल तर गादी बदलून पातळ मागा, बऱ्याचदा मिळते.

रात्री खुर्ची हाताला लागेल अशी, ब्रेक लावून. विजेची खुर्ची असेल तर चार्जर लावलाय आणि दिवा खरंच पेटलाय, हे झोपण्याआधी बघा. काही हॉटेलांत खोलीचा मेन बंद केला की प्लगही मरतो.

आगीत लिफ्ट वापरता येत नाही. आमच्या खोलीत व्हीलचेअर आहे, हे रात्रपाळीच्या माणसालाही सांगा, दिवसाच्या माणसाने सांगितलं असेल असं धरू नका.

वेगळी गादी म्हणजे वेगळा दाब, आणि एकाच जागी दाब राहिला की त्वचेला जखम होऊ शकते. रात्रीची कूस बदलायची वेळ चुकवू नका. सकाळी माकडहाड, नितंब, टाचा बघा. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, हात लावून जागा गरम किंवा कडक लागते का बघा. डाग टिकून राहिला तर त्या जागेवरचा भार पूर्ण काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

निघताना त्या खोलीची मापं वहीत लिहून घ्या. आमच्या वहीत एका ओळीत असतं: खोली क्रमांक, बाथरूमचं दार ७४, उंबरठा २, पलंग ५१, कमोडची उजवी बाजू मोकळी. मॅनेजरलाही तोच आकडा लिहून द्या. पुढच्या वेळी कुणी फोन करून विचारलं, तर त्याला टेप शोधावा लागणार नाही.